गांधीलमाशीसारखी दिसणारी, पण दुसऱ्या किड्यांची शिकार करणारी माशी कोणती?

ती 'असायलस क्रॅब्रोनिफॉर्मिस', रॉबर फ्लायच्या कुळातली. १७५८ साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने दिलेल्या या नावातल्या 'क्रॅब्रोनिफॉर्मिस'चा अर्थच मुळी 'गांधीलमाशीच्या आकाराची'. लांबी साधारण अडीच सेंटिमीटर, पोटाचा मागचा भाग पिवळाधमक. नांगी मात्र नाही आणि पंखांची जोडी एकच, म्हणजे अस्सल माशी.

दक्षिण इंग्लंड आणि वेल्समधल्या कुरणांत ती उन्हाळा सरता सरता दिसते. शेणाच्या वाळल्या पोवर दबा धरून बसते. नाकतोडा किंवा शेणकिडा जवळून गेला की झेपावून त्याला पायांत पकडते, सोंड खुपसून आत लाळ सोडते. लाळेतल्या विषाने भक्ष्य लुळं पडतं, आतलं मांस पातळ होतं आणि मग ती ते शोषून घेते. काय जबरदस्त शिकारी आहे!

तिचं सगळं जगणं गुरांच्या शेणाशी बांधलेलं आहे. अंडीही ती शेणात किंवा त्याच्या आसपास घालते. म्हणून कुरणं नांगरली गेली की तिचं घरच जातं. गुरांना जंतांवर देतात त्या आयव्हरमेक्टिनचा अंश शेणात उतरतो, त्यानं शेणकिडे मरतात आणि हिची उपासमार होते. मला याचीच जास्त काळजी वाटते.