जुना बोर्ड, नवा प्रोसेसर: बसेल का?

प्रश्न: सर, २०१९ मध्ये जमवलेला पीसी आहे, रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम. पुढच्या रायझनच्या बातम्या येतायत, तो ह्याच बोर्डवर चालेल का? दुकानदार म्हणतो बोर्ड, रॅम सगळंच बदला. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, एवढा खर्च आत्ता झेपणार नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर: येणारा रायझन नाही बसणार. तुमचा बोर्ड एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा), त्यात प्रोसेसरच्या १३३१ पिना भोकांत जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये एएम५ आलं, तिथे पिना बोर्डवर असतात आणि त्या १७१८, शिवाय रॅम फक्त नव्या प्रकारची, डीडीआर५ लागते, आणि एएम५ ला २०२७ नंतरही सपोर्ट देऊ असं रायझन बनवणाऱ्या एएमडीनेच सांगितलंय म्हणजे नवीन माल तिकडेच येणार. एवढ्यापुरतं दुकानदाराचं बरोबर आहे.

पण सगळं बदलायची काहीच गरज नाही हो! रायझन ५००० सिरीज तुमच्या बोर्डवर चालते. मे २०२० मध्ये एएमडी म्हणाली होती की झेन ३ प्रोसेसर (म्हणजे हीच ५००० सिरीज) फक्त नव्या, ५०० सिरीजच्या बोर्डांवर चालतील, लोक इतके चिडले की दोन आठवड्यांत बी४५० आणि एक्स४७० ला पण सपोर्ट द्यायचं कबूल केलं. गिऱ्हाइकांनी आवाज केला म्हणून तुमचा बोर्ड आज कामाचा आहे, मला ह्याचं खरंच कौतुक वाटतं. रायझन ५ ५६०० बघा, कोर सहाच पण वेग चांगलाच जास्त, आणि ६५ वॅटचाच असल्याने साध्या बी४५० वर ताण येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच बायोस (पीसी सुरू करणारं बोर्डमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं. आधी २६०० विकून टाकला आणि मग ५६०० लावला तर स्क्रीन काळीच राहणार, मग फ्लॅशबॅकचं बटण (प्रोसेसरशिवाय बायोस टाकायचं) बोर्डवर नसेल तर जुना प्रोसेसर कुणाकडून तरी मागून आणावा लागतो. बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजन बघून कंपनीच्या साइटवरच्या सीपीयू सपोर्ट लिस्टमध्ये कुठल्या बायोसपासून ५६०० चालतो ते वाचा, तिथल्या टिपाही वाचा कारण काही बोर्डांना मधलं एक बायोस आधी टाकावं लागतं. यूपीएस नसेल तर पावसाळ्यात रात्री अजिबात करू नका, मध्येच लाइट गेली तर बोर्ड जाऊ शकतो.

आणि कूलर सरळ वर ओढू नका!! पीसी दहा मिनिटं चालवून बंद करा, प्लग काढा, मग कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवून सोडवा, नाहीतर मधल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरच बाहेर येतो आणि पिना वाकतात.

प्रश्न: एच४१० बोर्डवर इंटेलचा १० व्या जनरेशनचा आय३ आहे. ११ वीचा आय५ सेकंडहँड स्वस्तात मिळतोय, सॉकेट दोन्हीचं १२००. घेऊ ना?

उत्तर: नका घेऊ. सॉकेट तेच असलं तरी एच४१० आणि बी४६० चिपसेटला (बोर्डवरची मुख्य चिप) इंटेलने ११ वी जनरेशन दिलीच नाही. २०१७ मध्ये ८ व्या जनरेशनला पण असंच झालं होतं, सॉकेट ११५१ च आणि जुने बोर्ड बाद, ग्राहकावर हा अन्यायच आहे. बोर्डच्या नावापुढे व्ही२ असेल तर मात्र लिस्ट बघा, काही व्ही२ बोर्डांत चिप वेगळी होती. नसेल तर आय५ १०४०० शोधा, सहा कोर बारा थ्रेड, तुमच्या बोर्डवर चालतो.