न्यू जर्सीत राहतो, ग्रीन कार्ड आहे. नासाच्या विज्ञान निधीसाठी आमच्या काँग्रेसमनला भेटायचंय, तयारी काय करू?

एकच मागणी ठरवा, ती आकड्यासकट एका वाक्यात बसवा आणि पानभर कागदावर छापून न्या. बाकी सगळं त्यामागून. कारण भेट मिळते पंधरा-वीस मिनिटांची, तीही बहुधा काँग्रेसमनऐवजी त्यांच्या ऑफिसातल्या तरुण सहायकाशी. हिरमुसू नका, पुढचं टिपण तोच लिहितो. ‘अवकाशाला जास्त पैसे द्या’ यातून त्याच्या वहीत काही उतरत नाही. मे 2025 मध्ये व्हाइट हाउसने नासाच्या विज्ञानाचा निधी सुमारे 7.3 अब्ज डॉलरवरून 3.9 अब्जांवर आणायचा प्रस्ताव मांडला होता. असा आकडा समोर ठेवला की बोलणं पुढे सरकतं. जाण्याआधी बघा, तुमचे प्रतिनिधी अप्रोप्रिएशन्स कमिटीच्या (सरकारी खर्चाचे पैसे ठरवणाऱ्या समितीच्या) ‘कॉमर्स, जस्टिस, सायन्स’ उपसमितीत आहेत का. नासाच्या पैशांचा मसुदा तिथे बनतो. नसतील तर त्यांनी त्या उपसमितीला पत्र द्यावं, एवढंच मागा. वेळ साधारण फेब्रुवारी-मार्चची; आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणून सप्टेंबरात गेलात तर वरातीमागून घोडं. शनीच्या कड्यांवर भाषण नको (मोह होतोच), त्यापेक्षा मतदारसंघातलं कुठलं कॉलेज किंवा कारखाना नासाचं काम करतो ते सांगा. ग्रीन कार्ड चालतं, पत्ता मात्र त्याच मतदारसंघातला हवा. फक्त, नोकरी नासात किंवा दुसऱ्या केंद्रीय खात्यात असेल तर रजा टाकून, स्वतःच्या फोन-ईमेलवरून, खाजगी व्यक्ती म्हणूनच जा.