'आई, मी पांडुरंगच आहे'

प्रश्न : माझा मुलगा इथेच एम. एस. युनिव्हर्सिटीत बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून त्याने 'कोसला' आणली आणि आता ती तिसऱ्यांदा वाचतोय. जेवायला हाक मारली तरी 'उदाहरणार्थ', 'वगैरे' लावून उत्तर देतो. परवा म्हणाला, "आई, मी पांडुरंगच आहे." मी पुस्तक चाळलं, तर पानोपानी उदासी. त्याच्याकडून ते काढून घेऊ का?
— एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, पुस्तक राहू द्या त्याच्याकडे. नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ची. तेव्हापासून कॉलेजातली कितीतरी मुलं घरी हेच वाक्य बोलत आली आहेत. तिचा नायक पांडुरंग, खेड्यातला मुलगा, पुण्याला शिकायला जातो, पैसे उधळतो, वडिलांशी बिनसतं, धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते आणि हा डिग्री न घेता गावी परततो. यातलं नेमकं काय तुमच्या मुलाला आपलं वाटलं, ते अजून तुम्हाला ठाऊक नाही. तेच विचारा. "तुला काय झालंय?" असं विचारलंत तर तो "काही नाही" म्हणून उठून जाईल. चहाला बसलात की "पांडुरंगाचं कुठलं पान आवडलं रे?" एवढंच विचारा आणि गप्प बसा.

समुपदेशनाच्या कामात मला याचा फार उपयोग होतो. माझ्याकडे एक मुलगी येत असे, कितीतरी वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. एकदा तिने हेच पुस्तक आणलं, मनीच्या मरणाची पानं कोपऱ्यात दुमडलेली. तिचा भाऊ गेला होता. घरात त्याचं नाव कुणी काढत नव्हतं. मनीबद्दल बोलता बोलता ती भावाबद्दल बोलू लागली. स्वतःचं दुःख सांगायला जीभ रेटत नाही, पात्राचं सांगता येतं.

आता पुस्तक बाजूला ठेवून मुलाकडे बघा. झोप कशी आहे? रविवारी मित्रांबरोबर सेवउसळ खायला जातो ना? आंघोळ, अभ्यास, मॅच बघणं चालू आहे ना? हे सगळं चालू असेल तर तो मन लावून वाचणारा मुलगा आहे, आणि मला त्याचं कौतुक वाटतं. पण सलग दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस बहुतेक वेळ मन उदास, कशातच रस नाही, झोप नि भूक बिघडलेली, आपण निरुपयोगी आहोत असं बोलणं, हे दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाची भाषा आली तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन चोवीस तास, मोफत असते. तिथे मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. आपल्या कादंबऱ्यांतली पात्रं एकटी सोसतात, क्वचितच कुणाकडे मदत मागतात. वाचणाऱ्या पोराला मग वाटतं की विचार करणाऱ्या माणसाने असंच जगायचं असतं. म्हणून त्याच्यासोबत 'कासव' बघा. २०१६च्या चित्रपटांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ याच मराठी चित्रपटाला मिळालं. त्यातली जानकी स्वतः नैराश्यातून बाहेर येते आहे. जीव द्यायला निघालेल्या एका अनोळखी मुलाला ती आसरा देते आणि खोदून खोदून काही विचारत नाही. मला ते फार खरं वाटतं. बरं होणं तिथे हळूहळू येतं, शेजारी माणूस असताना.

आणि डॉक्टरांची वेळ घेतलीच, तर त्याला आधी सांगा. 'सुरसागरला चक्कर मारून येऊ' म्हणून बाहेर काढून थेट दवाखान्यात नेऊ नका. तसं नेलेली मुलं पुढे डॉक्टरांशी तोंड उघडत नाहीत.