मुलाच्या मूत्रपिंडातील गाठ : सोनोग्राफीनंतर सीटी स्कॅन कशासाठी?

प्रश्न : पोटात उजवीकडे दुखत असल्याने माझ्या आठ वर्षांच्या मुलाची सोनोग्राफी केली. उजव्या मूत्रपिंडात सहा सेंटिमीटरची पाण्याची गाठ असून ती हायडॅटिड, म्हणजे कृमीमुळे झालेली असावी, असे अहवालात म्हटले आहे. रक्ततपासणी मात्र निगेटिव्ह आली. आता सीटी स्कॅन सांगितला आहे. तो खरोखर आवश्यक आहे का? सुईने पाणी काढून तपासले तर निदान होणार नाही का?

उत्तर : आधी सुईबद्दल. हायडॅटिडची शंका असताना केवळ निदानासाठी गाठीला सुई टोचू नये. आतला द्रव सांडला तर तीव्र अ‍ॅलर्जी होऊन रक्तदाब एकाएकी घसरू शकतो, शिवाय त्यातील कृमींच्या अंशांपासून नव्या गाठी धरू शकतात.

रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून शंका फिटत नाही. गाठीचे आवरण अभंग असले की कृमीचे घटक रक्तात फारसे उतरत नाहीत आणि प्रतिपिंडे सापडत नाहीत, त्यामुळे निदानाचा भार चित्रांवरच येतो.

सोनोग्राफी करताना मुलाला कुशीवर वळवून पाहिले होते का, हे विचारून घ्या. हायडॅटिड गाठीच्या तळाशी बारीक कण साचलेले असतात. कूस बदलताच ते उसळतात आणि पडद्यावर हिमवर्षाव झाल्यासारखे दिसतात. गाठीच्या कडेची दुहेरी रेघ, आत सुटून तरंगणारा पडदा किंवा मोठ्या गाठीच्या पोटातील लहान लहान गाठी यांपैकी काही दिसले, तर निदान बरेच पक्के होते. यातले काहीच नसेल, तर साधी गाठ आणि क्वचित पाणी भरलेला विल्म्स ट्यूमर (लहान मुलांत होणारा मूत्रपिंडाचा कर्करोग) यांचाही विचार करावा लागतो.

सीटी स्कॅन उपयोगी पडतो तो आवरणातील कॅल्शियम, मूत्रमार्गाशी असलेला संबंध आणि मूत्रपिंडाचा शाबूत भाग पाहण्यासाठी. यात किरणोत्सर्ग असतो, म्हणून एमआरआयने भागेल का, हे रेडिओलॉजिस्टना अवश्य विचारावे; आठ वर्षांचे मूल बहुधा त्यासाठी स्थिर पडून राहू शकते. लघवीतून पांढुरके पापुद्रे पडत असतील, तर तेही सांगा. गाठ मूत्रमार्गात फुटल्याची ती खूण आहे.

मूत्रपिंडापर्यंत पोहोचणारी अळी सहसा यकृत आणि फुप्फुसे ओलांडून आलेली असते, तेव्हा यकृताची सोनोग्राफी व छातीचा एक्स-रे झाला नसेल, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी दोन्ही करून घ्यावेत. फुप्फुसातली नजरेतून सुटलेली गाठ भुलेखाली फुटणे फार धोक्याचे असते.