सोहोतल्या मृत्यूच्या नोंदी वाचताना

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण मिळालं आणि आल्या आल्या वाचून काढलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लंडन, त्यातलं सोहो, तिथले बोळ, एकेका खोलीत दाटीने राहणारी कुटुंबं, हे सगळं तू मनापासून उभं केलं आहेस. पण थोड्याच पानांत १८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीतला ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप आला आणि त्याने प्रकरणाचा ताबाच घेतला. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो असं म्हणणारे डॉ. जॉन स्नो आले, मृत्यूंचा नकाशा आला, पंपाचा दांडा निघाला, साथ संपली. तुझा विषय मात्र एका वस्तीतले आजार आणि मृत्यू असा आहे. एका पंधरवड्यापुरता तो नाही. म्हणून हे पत्र लांबलं तरी सावकाश वाच.

साथीच्या वर्षाआधी साधी वर्षं वाच. कॉलरा लंडनमध्ये १८३२, १८४८-४९, १८५३-५४ आणि १८६६ असा चार वेळा आला. मधल्या काळात माणसं मरायची थांबली नव्हती. १८३७ च्या जुलैत मृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्यानंतरच्या पहिल्या वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये एकट्या क्षयाच्या नावावर वर्षाला ५० हजारांहून जास्त मृत्यू लागत होते. १८४९ या साथीच्या वर्षी कॉलऱ्याने तिथे सुमारे ५३ हजार माणसं नेली. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघ. कॉलऱ्याच्या भीतीने पार्लमेंट हललं. क्षय दरसाल तेवढीच माणसं नेत होता आणि ते घरोघरचं दुखणं म्हणून सोसलं जात होतं. तुझ्या प्रकरणात क्षयाला एक ओळ मिळाली आहे, आणि मला तीच गोष्ट खटकली.

मुलांच्या मृत्यूंबद्दल तर तू फारच भराभर पुढे गेलीस. जिवंत जन्मलेल्या दर हजारातली दीडशेच्या आसपास मुलं पहिला वाढदिवस बघत नव्हती, आणि हा आकडा जवळजवळ सगळ्या राजवटीत हलला नाही. गटारं झाली, पाणी सुधारलं, १८७० नंतर एकूण मृत्युदर उतरू लागला, तरी १८९९ साली तान्ह्या मुलांचा आकडा हजारी १६० च्याही वर होता. असं का, हा प्रश्न तुझ्या प्रबंधाच्या मध्यभागी हवा. उत्तराचा एक धागा ऑगस्ट-सप्टेंबरच्या हगवणीत आहे. उन्हाळा कोरडा आणि कडक गेला की रस्त्यावरच्या घोड्यांच्या लिदीवर माश्या माजायच्या, दूध घरी येईपर्यंत नासायचं आणि अंगावर न पिणारी मुलं पटापट दगावायची. त्या काळी दूध पाजायची एक बाटली सर्रास वापरली जाई. तिला लांब रबरी नळी असे आणि नळीच्या टोकाला बोंडशी. मूल पाळण्यात पडल्या पडल्या आपलं आपण चोखत राही आणि आईला शिवणकामाला किंवा धुण्याला हात मोकळे मिळत. त्या नळीत ब्रश जात नसे. कालच्या दुधाचा थर आत तसाच राही आणि त्यावरच आजचं दूध ओतलं जाई. आईला दोष देणारं लिखाण तुला त्या काळात ढिगाने सापडेल. त्यातली माहिती घे, सूर घेऊ नकोस. दिवसभर काम केल्याशिवाय जिला भाडं देता येत नव्हतं, तिच्यापुढे दुसरी वाट कुठली होती, हेही त्याच पानावर लिही.

आता तुझ्या तक्त्याबद्दल. आरोग्य-सुधारक एडविन चॅडविक यांच्या मजुरांच्या आरोग्यस्थितीवरच्या १८४२ च्या अहवालातले आकडे तू घेतलेस: पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीनमध्ये मृत्यूचं सरासरी वय वरच्या वर्गात ४५, व्यापारी-दुकानदारांत २६, मजुरांत १६. आकडे बरोबर उतरवलेस. त्याखाली मात्र लिहिलंस की ‘मजूर सरासरी सोळा वर्षं जगत.’ हे वाक्य आजच्या आज काढ. समजा एका गल्लीत दहा मृत्यू झाले, पाच तान्ही मुलं आणि पाच साठीचे म्हातारे. सरासरी आली तीस. तिशीतलं तर कोणीच गेलं नाही! ज्या वस्तीत जन्म जास्त आणि तरुण कुटुंबं जास्त, तिथे मेलेल्यांत मुलं जास्त असणार आणि सरासरी खाली ओढली जाणार. विमागणितज्ञ नीसन यांनी १८४४ सालीच चॅडविक यांच्या या पद्धतीची चिरफाड केली होती. वर्गावर्गातली दरी खरी होती, भयंकर होती, त्याबद्दल मनात शंका नको. पण ती मोजायला सरासरी वय चालत नाही. त्या वयाची किती माणसं जिवंत होती आणि त्यांतली किती गेली, हे मांडावं लागतं. मेलेल्यांच्या आकड्याखाली जिवंत माणसांचा आकडा नसेल तर तो तक्ता माझ्याकडे पाठवू नकोस.

हा खालचा आकडा कसा वापरायचा ते स्नो यांच्याकडूनच शिक, फक्त पंपाची गोष्ट जरा बाजूला ठेवून. सोहोच्या पोलंड स्ट्रीटवर वर्कहाऊस होतं, म्हणजे गरिबांना काम करवून आसरा देणारं घर. आत ५३५ माणसं, आणि सगळ्या बाजूंनी कॉलऱ्याची घरं. तिथे कॉलऱ्याने पाच माणसं गेली. आजूबाजूच्या गल्ल्यांच्या प्रमाणात मृत्यू झाले असते तर शंभरावर गेली असती, असा स्नो यांचा हिशोब होता. वर्कहाऊसची स्वतःची विहीर होती. बघ, पाच हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. ५३५ च्या शेजारी ठेवला, आणि बाहेरच्या गल्लीशी ताडून पाहिला, तेव्हा तो बोलायला लागला.

त्यांचं खरं मोठं काम टेम्सच्या दक्षिणेला झालं. तिथे दोन पाणी कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावरून, शेजारशेजारच्या घरांत गेले होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली पाणी उचलायची जागा शहराच्या वर, थेम्स डिटनला हलवली होती. सदर्क अँड वॉक्सहॉल कंपनी बॅटरसीलाच, सांडपाणी मिसळलेल्या प्रवाहातून पाणी घेत राहिली. पाण्याचे पैसे बहुधा घरमालक भरी, त्यामुळे भाडेकऱ्याला आपल्या नळाची कंपनी कोणती हे ठाऊक नसे. तेव्हा स्नो यांनी मिठाची परीक्षा वापरली. पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की मिठाच्या प्रमाणात पांढरा साका धरतो. लॅम्बेथच्या एका गॅलनमध्ये मीठ एक ग्रेनही (ग्रेन म्हणजे वजनाचं जुनं, अगदी लहान माप) भरत नव्हतं, दुसऱ्या कंपनीच्या पाण्यात ते जवळजवळ ३८ ग्रेन होतं. कॉलऱ्याने माणूस गेलेल्या घराच्या दारात उभं राहून, घरातल्यांना विचारून, मग बाटलीत पाणी घेऊन, अशी ती माहिती गोळा झाली. १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत सदर्क अँड वॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू आणि लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७. त्याच तक्त्यात उरलेल्या लंडनची २,५६,४२३ घरं, १,४२२ मृत्यू आणि दर ५९ असा छापला आहे. तू तो जसाच्या तसा उतरवलास. भागाकार करून बघ, ५५ च्या थोडं वर येतं. त्यामुळे स्नो यांच्या निष्कर्षाला धक्का लागत नाही. पण छापील आकडा कोणाचाही असो, अगदी ज्याच्यावर आपला जीव आहे त्याचाही असो, हिशोब आपण करायचा.

आता एक नोंद दाखवते. ब्रॉड स्ट्रीट, घर क्रमांक ४०. २ सप्टेंबर १८५४ रोजी पाच महिन्यांची मुलगी गेली. कारण लिहिलंय: चार दिवसांपूर्वी सुरू झालेल्या हगवणीनंतरचा थकवा. कॉलरा हे नाव त्या नोंदीत कुठेच नाही. ही फ्रान्सिस लुईस. साथ भडकली ३१ ऑगस्टच्या रात्री, म्हणजे हे बाळ त्याआधीच आजारी होतं. हेन्री व्हाइटहेड नावाचे तिथले तरुण धर्मोपदेशक स्नो यांचं म्हणणं खोडून काढायला निघाले होते. पुढच्या वर्षी नोंदी चाळताना त्यांची नजर या ओळीवर थांबली. ते आईला जाऊन भेटले. बाळाचे लंगोट बादलीत धुऊन ते पाणी घरासमोरच्या मैलाकुंडात ओतलं होतं. मग ती जागा खोदली. कुंडाच्या विटा खिळखिळ्या झालेल्या, आणि कुंड ते पंपाखालची विहीर अंतर तीन फुटांहूनही कमी. स्नो यांच्या हिशोबाने त्या भागात ६१६ माणसं गेली.

तू जर फक्त ‘कॉलरा’ लिहिलेल्या नोंदी गोळा केल्यास, तर सगळ्यात महत्त्वाची नोंद तुझ्या हातून निसटेल. आणि हे एकट्या कॉलऱ्याचं नाही. १८७४ च्या कायद्याआधी मृत्यूचं कारण डॉक्टरने लिहून देणं सक्तीचं नव्हतं, पुष्कळदा शेजारीण सांगे ते लिहिलं जाई. टायफस आणि टायफॉइड सरकारी तक्त्यांत १८६९ पासून वेगळे झाले, तेव्हा त्याआधीच्या तापाच्या रकान्यावरून पाण्याबद्दल ठाम विधान करू नकोस. टायफस उवांमुळे पसरतो, टायफॉइड पाण्या-अन्नातून. मृत जन्मलेली मुलं तर १९२७ पर्यंत जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदणीतच नव्हती. शिवाय माणूस मरे एका गल्लीत आणि नोंद होई दुसरीकडे. सोहोतले कितीतरी लोक मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये जाऊन दगावले. त्यांना परत त्यांच्या गल्लीत आणलं नाहीस तर गल्ली निरोगी दिसेल आणि हॉस्पिटलच मारकं वाटेल.

पंपाच्या दांड्याबद्दल थोडं सांगून पुढे जाते. दांडा ८ सप्टेंबरला निघाला तेव्हा साथ उतरणीला लागली होती. लोक घरं सोडून पळाले म्हणून मृत्यू कमी झाले, हे स्नो यांनी स्वतः लिहून ठेवलंय. म्हणून ‘दांडा काढला आणि साथ थांबली’ हे तुझं वाक्य टिकत नाही. पण दांडा काढणं फुकट गेलं असंही नाही. त्याच दिवशी फ्रान्सिसचे वडील, ते पोलीस शिपाई होते, कॉलऱ्याने आजारी पडले आणि १९ तारखेला गेले. त्यांचाही मैला त्याच कुंडात जात होता. पंप चालू असता तर साथीने पुन्हा डोकं वर काढलं असतं, हे व्हाइटहेड यांचं म्हणणं मला पटतं.

विल्यम फार यांना तू खलनायक केलंस, ते मात्र मला लागलं. नोंदणी कार्यालयातल्या या माणसाने मृत्यूच्या कारणांची वर्गवारी बसवली नसती, तर स्नो यांच्या हाती कॉलऱ्याने गेलेल्यांच्या घरांचे पत्ते आले नसते. १८४९ च्या साथीनंतर त्यांनी दाखवलं की नदीच्या पातळीपासून जमीन जितकी उंच तितका कॉलरा कमी, आणि त्याचं कारण त्यांनी दूषित हवेत शोधलं. संबंध खरा होता, अर्थ चुकला. १८६६ साली पूर्व लंडनमध्ये कॉलरा उसळला तेव्हा याच फार यांनी ओल्ड फोर्डच्या साठ्यातल्या पाण्याकडे बोट दाखवलं. पुराव्यापुढे मत बदलणारा माणूस आपल्या क्षेत्रात विरळा. त्यांच्यासाठी दोन पानं राखून ठेव.

शेवटच्या प्रकरणात मुंबई घ्यायची म्हणतेस. नातं खरं आहे. हेन्री कॉनिबेअर यांचा मुंबईच्या आरोग्यस्थितीवरचा अहवाल १८५२ चा आणि विहार तलावाचं पाणी शहरात आलं १८६० साली, म्हणजे लंडनच्याच दशकात हे सगळं घडत होतं. पण तिथेही खालच्या आकड्याला जप. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून कोकणात, घाटावर, गुजरातेत निघून गेली. १८९१ च्या शिरगणतीतले ८ लाख २१ हजार धरून तू दर काढलास, तर रिकाम्या चाळीतली माणसंही जिवंत म्हणून मोजशील. सोहोतली पळापळ लहान होती, अडचण हीच होती. हे प्रकरण आत्ता मात्र हाती घेऊ नकोस, आधी लंडन पुरं कर.

सध्या एवढंच काम. १८५६ ते १८५८ ही कॉलरा नसलेली वर्षं घे. ब्रॉड स्ट्रीट ज्यात येतो त्या सेंट जेम्स, वेस्टमिन्स्टरच्या बर्विक स्ट्रीट आणि गोल्डन स्क्वेअर या दोन उपविभागांतले मृत्यू वयानुसार मांड: एक वर्षाखालचे, पाच वर्षांखालचे, मग पुढचे. वर्कहाऊसचे मृत्यू वेगळ्या रकान्यात. खाली १८५१ आणि १८६१ च्या जनगणनेतली त्या त्या वयाची माणसं, आणि मधल्या वर्षांचा अंदाज कसा बांधलास ते शब्दांत. तिथले आरोग्य अधिकारी एडविन लँकेस्टर यांचे वार्षिक अहवालही त्या वर्षांचे काढ. तक्ता कच्चा असला तरी चालेल, हाताने लिहिलास तरी चालेल. दिवाळीआधी पाठव, म्हणजे सुट्टीत बसून दोघी मिळून तपासू.

तुझ्या
बाई