बाईची बॅग कोणी तपासत नाही म्हणून?

भाऊ, तुमचं पत्र वाचलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून आर्वीकडच्या तुमच्या गावाहून बायकोला घेऊन समृद्धी महामार्गानं नाशिकला गेले, गंगापूर धरणाजवळ मुक्काम केला, दोन-तीन वायनरी पाहिल्या, टेस्टिंग केलं, तिनं घोटभरही घेतली नाही, अन् घरी आल्यापासून ती तुमच्याशी कामापुरतंच बोलून राहिली. एवढा पैसा घालवून हिला त्याची किंमत नाही, हिला जरा मोकळं जगायला कसं शिकवू, असं तुम्ही विचारलं.

काही शिकवू नका. पत्र संपता संपता तुम्ही एक ओळ टाकली, 'धामणगावच्या आधी पंपावर थांबून चार बाटल्या हिच्या बॅगेत साड्यांमधे गुंडाळून ठेवल्या, बाईची बॅग कोणी तपासत नाही', अन् लगेच टोल किती लागला त्यावर गेले. मी त्या ओळीवरच अडकली.

धामणगाव मागं पडलं, वर्धा नदीचा पूल ओलांडला की आपला वर्धा जिल्हा लागते हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, म्हणून तर थांबले! गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला येऊन राहिले, त्यांची कर्मभूमी म्हणून इथं दारूबंदी आहे अन् ती आपण जन्मभर पाहून राहिलो. वाईन काय दारू थोडीच, असं तुम्ही लिहिलं. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असते तिच्यात, अन् 2022 मध्ये सरकारनं सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय घेतला तेव्हासुद्धा दारूबंदीचे जिल्हे त्यातून वगळले होते. 1949 चा दारूबंदी कायदा आहे, माल ज्याच्या ताब्यात सापडते त्याला आधी धरतात. म्हणजे नाकाबंदीत गाडी अडवली असती तर खाली कोणाला उतरवलं असतं, कोणाचं नाव लिहिलं असतं, दुसऱ्या दिवशी गावात कोणाची चर्चा झाली असती? तुम्ही स्टेअरिंगवर हात ठेवून बसले असते अन् तिच्या साड्या रस्त्यावर उलगडल्या असत्या.

अन् ही बाई कोण, तर बचत गटाची अध्यक्ष. तेही तुम्हीच लिहिलं, 'मीटिंगा असतात हिच्या' म्हणून. आपल्याकडच्या गटाच्या बायका हातभट्टीचे डबे शोधून उकिरड्यावर ओततात, त्यासाठी शिव्या खातात, दारुड्यांच्या धमक्या ऐकतात, अन् त्यांच्या म्होरक्या बाईच्या बॅगेत तुम्ही बाटल्या घातल्या, तिला न विचारता. मला भयंकर राग आला भाऊ, तो लपवत नाही.

मोकळं जगणं तिला येत नाही म्हणता, मग त्या द्राक्षाच्या रांगेत काय चाललं होतं? टूर दाखवणाऱ्या पोराला ती विचारत बसली, द्राक्ष एवढं बारीक काहून, बिया काहून ठेवल्या, टनाला भाव काय मिळते, ड्रिप किती वेळ चालवता. 'तिथंच अर्धा तास घालवला' अशी तुमची तक्रार. अहो, वाईनचं द्राक्ष असतेच तसं, लहान, जाड सालीचं, बियांचं, लाल वाईनचा रंग तर त्या सालीतूनच उतरते. जन्मभर कपाशी-तुरीत राबलेल्या बाईला फेब्रुवारीत ऐन तोडणीच्या वेळी ते पाहायला मिळालं अन् ती हरखून गेली. छान चालली होती तुमची ट्रिप! प्यायली नाही म्हणून काही बिघडलं नव्हतं, तिनं तुम्हाला पिऊ दिलं, मुक्काम तिथंच होता म्हणून गाडीचीही काळजी नव्हती. ती गप्प झाली ते पंपानंतर. तुमच्याच पत्रात आहे, 'यवतमाळ-अमरावतीकडच्या गोष्टी करत होती, मग एकदम झोपली'. झोपली नसेल हो. पूल येईपर्यंत डोळे मिटून जीव मुठीत धरून बसली असेल.

अन् त्या बाटल्या अजून कपाटावर तिच्याच बॅगेत आहेत म्हणता, साळ्याला दाखवायच्या म्हणून.

आज रात्री पोरं झोपली की ती बॅग तुम्ही स्वतः खाली काढा. तिला काढायला लावू नका. चारही बाटल्या तिच्यासमोर मोरीत ओता, हजाराची असो की दोन हजाराची, साळ्याला फोटो दाखवा. अन् सरळ म्हणा, 'माझ्या वस्तू तुझ्या बॅगेत ठेवल्या, पकडलो असतो तर तू अडकली असती, माझं चुकलं.' एवढंच म्हणा. 'पण काही झालं तर नाही नं' हे त्याला जोडू नका, अन् पुढच्या ट्रिपचं आमिष तर बिलकुल दाखवू नका. ती बोलायला लागली, रडली, चिडली, तरी मधे तोंड घालू नका, तिचं होऊ द्या.

रिकाम्या बाटल्या गावातल्या भंगारवाल्याला देऊ नका. तो कोणाच्या घरून काय निघालं ते सांगत फिरते, अन् त्या घरावर नाव तिचं आहे.