केमोथेरपीत केस गळू लागल्यावर डोक्याच्या त्वचेची काळजी कशी घ्यावी?

केस साधारणपणे पहिल्या केमोनंतर 2 ते 3 आठवड्यांनी गळू लागतात. त्याआधीच डोकं हुळहुळतं, खाजतं, उशीला टेकवलं तरी दुखतं. हे बऱ्याच जणांना होतं, घाबरू नका.

केस आधीच बारीक कापून घेतलेले बरे. पण वस्तरा नको, ट्रिमर वापरा. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, त्यामुळे साध्या खरचटण्यातूनही जंतुसंसर्ग होऊ शकतो. माझ्या मते सगळ्यात जपायची गोष्ट हीच.

धुताना कोमट पाणी आणि सौम्य, बिनवासाचा शाम्पू, तोही रोज नको. टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. त्वचा कोरडी पडली तर बिनवासाचं मॉइश्चरायझर चालतं. हेअर डाय, ड्रायर सध्या बंद. घरगुती लेप सुचवणारे पुष्कळ भेटतील. हसून विषय बदला.

उन्हात जाताना टोपी किंवा एसपीएफ 30 चं सनस्क्रीन हवंच, कारण या त्वचेला उन्हाची सवय नसते. विग टोचत असेल तर आत मऊ सुती टोपी घाला.

पुरळ, पू दिसला किंवा ताप 38 अंश सेल्सियसपर्यंत गेला, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा.